वाढलं ते नेमकं काय?

“मी काही फार खात नाही, तरी वजन वाढतंच चाललंय, आणि पोट तर सारखं डब्ब.” कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात ही तक्रार अशी जोडीनेच येते. सांगणारी व्यक्ती बहुतेकदा तिशी ते साठीच्या दरम्यानची, आणि अधिक करून बाई असते. घरून तिला उत्तरं आधीच मिळालेली असतात: वय झालं, बैठं काम आहे, थायरॉईड असेल, गॅसेस असतील, रात्रीचा भात बंद कर. यातलं एखादं उत्तर बरोबरही निघतं. पण प्रश्न नीट विचारण्याआधीच उत्तर ठरलं, की जे खरोखर शोधायला हवं होतं ते महिनोन् महिने राहून जातं. वजन का वाढलं, हे विचारण्याआधी वाढलं ते नेमकं काय, हे विचारायला हवं.

काटा फक्त बेरीज दाखवतो. पोटाचा घेर आणि अंगाचं वजन वाढायला चरबी कारण असू शकते, तसंच पाणी, वायू, आतड्यात साठलेला मळ, एखादी गाठ, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईत गर्भसुद्धा. पाळी अनियमित असलेल्या स्त्रियांची गर्भधारणा ‘अपचन’ म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत लक्षात न आल्याची उदाहरणं स्त्रीरोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. या प्रत्येक गोष्टीची चाल वेगळी असते. वायूला वजन जवळजवळ नसतंच. त्याने साडीची निरी किंवा पँटचं बटण घट्ट होईल, काटा हलणार नाही. पाण्याचं उलट आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ते एका रात्रीतही साठू शकतं. चरबी मात्र सावकाश वाढते. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणून चार दिवसांत तीन किलो वाढले असतील तर ते लग्नाच्या जेवणावळीतल्या जिलब्यांचे नव्हेत. ते पाणीच असणार.

थोडंफार पाणी रोज वर-खाली होतंच. लोणचं-पापड जास्त झाले, पाळी जवळ आली, उपासानंतर पोटभर भात खाल्ला, की काटा एक-दोन किलोंनी सरकतो आणि परत येतो. काळजी तेव्हा करायची, जेव्हा तो परत येत नाही. हृदय कमजोर झालं की शरीरात मीठ आणि पाणी अडकून राहतं. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवायला सांगतात, ते याचसाठी. अशा वेळी यकृत आणि आतडी यांच्यातही रक्त तुंबतं. मग चार घास खाल्ले की पोट भरतं, मळमळतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं. माणूस पित्ताची गोळी घेत राहतो, आणि संध्याकाळी मोज्याची खूण पायावर खोल उमटते, आडवं पडलं की धाप लागते, या दोन गोष्टींचा पोटाशी संबंध असेल असं त्याच्या मनातही येत नाही. सकाळी पापण्या सुजलेल्या आणि लघवीला फेस येत असेल तर मूत्रपिंडाकडे बघावं लागतं. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अॅमलोडिपिनने पाय सुजतात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही मीठ-पाणी धरून ठेवतात.

पोटाच्या पोकळीतच पाणी साठलं तर ते जलोदर. आपल्याकडे त्याची मोठी कारणं म्हणजे यकृताचा सिऱ्होसिस, कर्करोग आणि पोटाचा क्षय. सिऱ्होसिस फक्त दारूने होतो असा समज पक्का आहे. तो कावीळ-बी आणि कावीळ-सीच्या जुन्या संसर्गाने होतो, तसाच वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या फॅटी लिव्हरनेही होतो. जलोदरात काटा फार फसवतो. दंड-मांड्या वाळतात, पोट वाढतं, आणि बेरीज तीच राहते किंवा थोडी वाढते. आजारी माणूस आतून झिजत असताना शेजारपाजार “अंगाने भरलात हो” म्हणतो. म्हणून नुसतं वजन पुरेसं नाही. दंड, चेहरा, मनगट बारीक होतायत का आणि फक्त पोटच पुढे येतंय का, हे घरच्यांनी बघायला हवं.

याच ठिकाणी एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण ती चुकली तर किंमत फार मोठी पडते. अंडाशयाचा कर्करोग भारतीय स्त्रियांच्या पहिल्या काही कर्करोगांत मोडतो, आणि त्याचं निदान बहुतेकींत उशिरा होतं. कारण त्याची सुरुवातीची लक्षणं अगदी घरगुती वाटणारी आहेत: पोट फुगणं, चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं. अमेरिकेतल्या बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं की फरक लक्षणात नसून त्याच्या वागण्यात आहे. लक्षण वर्षभराच्या आत नव्याने सुरू झालेलं असतं आणि महिन्यातून १२ पेक्षा जास्त दिवस त्रास देतं. पंचविशीपासून अधूनमधून पोट फुगणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच रोज पोट फुगू लागलेल्या बाईची वेगळी. आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार पन्नाशीनंतर नव्याने सुरू होणं मुळात कमी; तेव्हा त्या वयात ते निदान करण्याआधी ओटीपोटाची सोनोग्राफी झालीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. सोबत सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात, पण तिच्या एकट्या आकड्यावर जाऊ नये. एंडोमेट्रिऑसिसमध्ये ती वाढते आणि पोटाच्या क्षयातही वाढते. पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेलं, म्हणून घरात रडारड झालेली आणि तुकडा तपासल्यावर बरा होणारा क्षय निघालेला, असं आपल्या देशात घडतं. तुकडा तपासेपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही.

पाणी नाही, गाठ नाही, वजन महिन्यांमागून महिने हळूहळू वाढलंय, असं असेल तर ती चरबी. बहुसंख्य लोकांत उत्तर इथेच येतं. पण इथेही आपण स्वतःला ज्या मापाने मोजतो ते माप आपलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापलं. दोघेही शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखं. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, ही भारतीय शरीराची ठेवण पुण्यातल्या त्यांच्या कामातून जगापुढे आली आणि तिचं मूळ आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत गेलं. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट या मापाबाहेर गेलेलं होतं. ‘अंगाने तशी बारीकच आहे, फक्त पोट सुटलंय’ हे वाक्य आपल्याकडे दिलासा म्हणून बोललं जातं. वैद्यकाच्या दृष्टीने तोच धोका आहे.

मग ‘मी फार खात नाही’ याचं काय? हे वाक्य खोटं ठरवून रुग्णाला गप्प करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला राग येतो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग झाला. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांची खरी ऊर्जा मोजली. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. मात्र त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी होतं आणि नोंदवलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसं खोटं बोलत नव्हती. खाण्याचा अंदाज माणसाला मुळातच येत नाही. सडपातळ लोकांनाही येत नाही. आपल्या स्वयंपाकघरात तर तो येणं आणखी अवघड. फोडणीचं तेल मोजून कोण घालतं? दिवसातले चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, चव बघताना खाल्लेलं, चहासोबतचा मूठभर फरसाण, यातलं काहीच ‘जेवण’ म्हणून स्मरणात राहत नाही. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या आजीला चयापचयशास्त्र न शिकता कळलं होतं.

वयाच्या नावावर खपवलं जाणारं बरंचसं वयाचं नसतं, हेही आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. हर्मन पॉन्ट्झर आणि इतर संशोधकांनी २०२१ साली ‘सायन्स’मध्ये हजारो माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं एकत्र मांडली. शरीराचा आकार लक्षात घेतला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, घट साठीनंतर. चाळिशीत बदलतं ते आयुष्य. बसणं वाढतं, स्नायू कमी होतात, झोप कमी होते, बाहेरचं आणि पुडीतलं खाणं वाढतं. केविन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना रुग्णालयात ठेवून २०१९ साली दाखवलं की साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं प्रमाण सारखं असलेलं जेवण समोर ठेवलं तरी कारखान्यात बनलेलं अन्न असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खातात आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढतात. झोपेचं तसंच. शिकागोत २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं संप्रेरक २८ टक्क्यांनी चढलं आणि तृप्ती देणारं १८ टक्क्यांनी उतरलं. पहाटेची पाणी भरण्याची वेळ, लोकलचा प्रवास, रात्रपाळी यांत ज्यांची झोप जाते त्यांच्या वजनाला ‘इच्छाशक्ती नाही’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. रात्री मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार तपासून घ्यावा.

आता थायरॉईड. महाराष्ट्रात वाढलेल्या वजनाचा पहिला आरोपी तोच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉईडची कमतरता आढळली, तेव्हा संशय घेणं योग्यच आहे. तपासणी स्वस्त आहे, करावीच. या विकारात आतड्याची गती मंदावते, म्हणून बद्धकोष्ठ आणि वजन एकत्र येतात. सोबत थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, आवाज जड होतो. पण थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी. १५ किलो वाढीचा सगळा भार त्या गळ्यातल्या छोट्या ग्रंथीवर टाकता येत नाही. शिवाय गंमत अशी की लठ्ठपणानेच थायरॉईडच्या तपासणीतलं टीएसएच किंचित वाढतं आणि वजन उतरलं की तेही उतरतं. टीएसएच जरासं वर आहे म्हणून गोळी सुरू झाली, वजन तसंच राहिलं, मग गोळी वाढवली, असं चक्र इथून सुरू होतं. जास्तीच्या गोळीने छाती धडधडते आणि हाडं ठिसूळ होतात. गोळी खरोखर लागणाऱ्यांचं दुखणं वेगळं. ती उपाशीपोटी घेऊन चहाआधी अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवायच्या असतात. हे कोणी न सांगितल्यामुळे गोळी घेऊनही थायरॉईड आटोक्यात नसलेल्या बायका कितीतरी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्याने थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

थायरॉईडइतकी चर्चा होत नाही, पण आपल्याकडे ज्याकडे फार लक्ष हवं, ते कारण म्हणजे स्टेरॉईड. शरीरात बनणारं स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉल, जास्त झालं की चेहरा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटतं आणि हातपाय मात्र बारीक राहतात, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटतात, किरकोळ धक्क्याने त्वचेखाली रक्त साकळतं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने १९३२ साली या विकाराचं सविस्तर वर्णन केलं आणि त्याचंच नाव या विकाराला मिळालं. ग्रंथीतल्या गाठीमुळे होणारा हा आजार दहा लाखांत वर्षाला मोजक्यांनाच होतो. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉईडमुळे होणारा मात्र रोजच्या व्यवहारातला आहे. दम्याची, सांधेदुखीची, ‘मुळापासून बरं करणारी’ बिनालेबलची पुडी. पहिल्या दोन दिवसांत जादूसारखा उतार. भूक वाढते, अंग भरतं, पित्त उसळतं. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडलेलं आहे. चेहरा उजळण्यासाठी किंवा नायट्यासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली बीटामेथासोनची क्रीमं महिनोन् महिने, मोठ्या भागावर लावली तर तीही अंगात मुरतात. संशय आला म्हणून पुडी एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं, आणि अचानक बंद केल्याने रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जायचं, लपवायची नाही.

तरुण मुलींत पाळी लांबणं, हनुवटीवर केस, मुरुमं आणि वाढतं वजन एकत्र असेल तर पीसीओएस. निदानासाठी २००३ च्या रॉटरडॅम निकषांतल्या तिनांपैकी दोन गोष्टी लागतात. नुसत्या सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक पुटकुळ्या दिसल्या म्हणून तो विकार झाला असं होत नाही. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसतो, तो मळ नव्हे. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे, आणि आईने कितीही घासली तरी जाणार नाही. पाळी जाण्याच्या काळात एकूण वजनापेक्षा चरबीची जागा बदलते, मांड्यांवरून पोटाकडे. दुर्मीळ जनुकीय कारणं आहेत. जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ साली शोधलेलं लेप्टिन जन्मतःच नसलेली मुलं जगात सापडली आणि ते संप्रेरक दिल्यावर त्यांची न संपणारी भूक थांबली. पण ती वाढ तान्हेपणीच सुरू होते, चाळिशीत नाही.

औषधांची यादी हा तपासणीतला सर्वांत उपयोगी भाग ठरू शकतो, कारण उत्तर अनेकदा घरच्याच डब्यात असतं. मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, मनोविकारांसाठी ओलांझापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, अर्धशिशी आणि झोपेसाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन, पाठ-मानेच्या दुखण्यात सर्रास लिहिलं जाणारं प्रीगॅबालिन. हाडकुळ्या मुलांना भूक लागावी म्हणून जे सायप्रोहेप्टाडिनचं सिरप देतात, ते अॅलर्जीचं औषध आहे, आणि ते मोठ्यांनी घेतलं तरी त्यांचीही भूक वाढते. यातली काही औषधं वजनासोबत बद्धकोष्ठही देतात, म्हणजे जोडतक्रारीचं एकच मूळ. दुसरीकडे मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, व्होग्लिबोजने गॅस होतो, लोहाच्या गोळीने शौच घट्ट होतं. २०२५ पासून वजनासाठी भारतात मिळू लागलेली टिर्झेपाटाइड, सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. मळमळ आणि बद्धकोष्ठ त्यांचे ओळखीचे परिणाम, आणि वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. यातलं कुठलंच औषध आपल्या मनाने सोडायचं नाही, मनोविकारावरचं तर मुळीच नाही. पण “याला पर्याय आहे का?” हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि बहुतेकदा पर्याय असतो.

तंबाखू सोडल्यावर सरासरी चार-पाच किलो वाढतात. आपल्याकडे याची एक खास बाजू आहे. मशेरी लावल्याशिवाय ‘मोशन होत नाही’ म्हणणाऱ्या बायका गावोगावी, आणि शहरांतल्या वस्त्यांतही आहेत. निकोटिन आतड्याला चालना देतं, म्हणून त्यांचं म्हणणं खरं आहे. मशेरी सोडल्यावर पहिले काही आठवडे पोट साफ होत नाही आणि त्या घाबरून परत तिच्याकडे वळतात. हे आधीच सांगून त्या काळापुरतं इसबगोल आणि भरपूर पाणी दिलं तर सोडणं टिकतं. वाढलेले चार किलो तंबाखूच्या नुकसानीपुढे काहीच नाहीत.

राहिलं खुद्द पचन. रोज शौचाला होऊनही ‘पोट साफ झालं नाही’ ही आपली राष्ट्रीय तक्रार म्हणावी इतकी व्यापक आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा यातलं काहीही नैसर्गिक असू शकतं. मळ साठल्याने वजनात फारसा फरक पडत नाही. ‘आतडी धुऊन’ पाच किलो उतरवून देण्याच्या जाहिरातींत काही अर्थ नाही. काहींचे ओटीपोटाचे स्नायू कुंथताना सैल होण्याऐवजी आवळले जातात. त्यांना कितीही चूर्ण दिलं तरी दार बंदच. अशांना स्नायूंचं प्रशिक्षण लागतं आणि त्याचा गुण येतो. सोनामुखीची चूर्णं वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांनी ही तपासणी आवर्जून करून घ्यावी.

पोट फुगण्याबद्दलचं सर्वांत विलक्षण काम बार्सिलोनातल्या वॅल द’हेब्रोन रुग्णालयात झालं. पोट फुगलेलं असताना आणि नसताना त्यांनी रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. पोट ठळकपणे पुढे आलेलं होतं, पण आतला वायू थोडासाच वाढला होता. झालं होतं ते असं, की श्वासपटल खाली ढकललं गेलं होतं आणि पोटाची भिंत सैल पडली होती. निरोगी माणसात उलट होतं. आत वायू वाढला तर श्वासपटल वर सरकून जागा करून देतं. सकाळी सपाट आणि संध्याकाळी सात महिन्यांचं दिसणारं पोट ही म्हणजे कल्पना नव्हे आणि ढोंगही नव्हे. स्नायूंचा ताल चुकलेला असतो, आणि श्वास घेण्याच्या प्रशिक्षणाने तो सुधारता येतो. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं तर निरोगीपणाचंच लक्षण आहे.

आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकारात, ज्याला दवाखान्यात आयबीएस म्हणतात, पोटदुखी हवीच: २०१६ च्या निकषांप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस, आणि शौचाशी जोडलेली. या विकाराने स्वतःहून वजन वाढत नाही. वाढतं ते अशा वेळी, जेव्हा माणूस भाज्या, डाळी, फळं भीतीने सोडतो आणि ‘पोटाला सोसतं’ म्हणून बिस्किटं, टोस्ट, खारी यांवर येतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने काढलेला कमी-फॉडमॅप आहार यात मदत करतो, पण आपल्या जेवणात कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर एकदम वगळायचे म्हणजे ताट रिकामं. तो दोन ते सहा आठवड्यांचा प्रयोग आहे, एकेक पदार्थ परत आणून बघण्यासाठी. जन्मभराचं पथ्य नव्हे.

दुधाचं म्हणाल तर प्रौढ भारतीयांत बहुसंख्यांना दुधातली साखर पूर्ण पचत नाही. तरी जेवणासोबत कपभर दूध बहुतेकांना चालतं, दही-ताक त्याहून बरं, आणि चहातल्या दुधाला दोष देण्यात अर्थ नाही. गव्हाचा खरा आजार, सिलियाक, उत्तरेत जास्त. दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण शंभरात एक. त्यात बहुधा वजन घटतं, पण वजनदार माणसातही तो असतो आणि न हटणारा अॅनिमिया हीच त्याची खूण असू शकते. तपासणीआधी गहू सोडला तर तपासणी निरर्थक ठरते, आणि नेमकं हेच आज घरोघरी होतंय.

पित्ताच्या गोळीबद्दल एवढंच की वाढलेलं पोट जठरावर दाब देतं आणि आम्ल वर येतं; म्हणजे इथे वजन कारण आहे, पोटाची तक्रार परिणाम. गोळी महिनोन् महिने घेऊन एकदम थांबवली तर निरोगी माणसालाही जळजळ होते, म्हणून ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असं वाटतं. ती हळूहळू कमी करावी. शाकाहारी माणसाने वर्षानुवर्षे ही गोळी आणि सोबत मेटफॉर्मिन घेतलं असेल तर बी-१२ तपासावं.

आतड्यातल्या जंतूंवर आज सर्वाधिक आशा आहे आणि त्यांच्या नावावर सर्वाधिक विक्रीही. २००६ साली जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांचे जंतू जंतुरहित उंदरांत सोडले तर त्यांची चरबी जास्त वाढली. माणसांत मात्र सडपातळ दात्यांचे जंतू लठ्ठ व्यक्तींना दिलेल्या छोट्या चाचण्यांत वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. हजारो रुपयांच्या जंतू-चाचण्या आणि ‘कोणतं अन्न सोसत नाही’ हे सांगणारी आयजीजी पॅनेलं यांवर निदान होत नाही.

पहिल्या भेटीत लागतं ते साधं आहे. रक्ताची साधी तपासणी, टीएसएच, साखर आणि एचबीए१सी, यकृत-मूत्रपिंडाचे आकडे, लघवी, आणि पोट-ओटीपोटाची सोनोग्राफी. बाई असेल तर गर्भचाचणी. त्याहून महत्त्वाच्या वस्तू रुग्णाने न्यायच्या: घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पुड्या आणि क्रीमं एका पिशवीत, दोन आठवड्यांची सकाळची वजनं आणि बेंबीच्या रेषेत घेतलेला घेर, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो. कुशिंगचा चेहरा आरशात रोज बघणाऱ्याला दिसत नाही, फोटोत दिसतो. शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कावीळ, कारण न कळणारा अॅनिमिया, घरात आतड्याच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास, यातलं काहीही असेल तर ते स्वतःहून आधी सांगायचं, विचारण्याची वाट बघायची नाही. आणि “गॅस आहे, गोळी घ्या” एवढ्यावर भेट संपली, तर उठण्याआधी एक प्रश्न नक्की विचारावा: या गोळीने बरं वाटलं नाही तर किती दिवसांनी परत यायचं, आणि तेव्हा पुढची तपासणी कोणती?